पंचांगाची गाठ

एक खालून, तीन वरून, एक खालून, तीन वरून, अशी दोरी पलीकडच्या टाचणीपर्यंत पोचली, टाचणीला वळसा घालून वळली, आणि परत येताना आसावरीचा हात थांबला. दोरीचं टोक चिमटीत, चिमूट हवेत. पुढे काय? तिनं स्वतःला विचारलं. एरवी हे असं विचारायची वेळच येत नसे. तोंडानं मदतनीस पायलशी गप्पा, कान भिगवण रस्त्यावरच्या हॉर्नकडे, नजर दुकानाच्या दारातल्या बाईच्या ब्लाउजच्या गळ्यावर (तोही आसावरीनंच शिवलेला असायचा आणि बाईनं त्याची इस्त्री करून वाट लावलेली असायची), आणि हात आपले मुकाट्यानं थर्मोकोलवरच्या टाचण्यांमधून दोरी घालत असायचे. आज हात थांबले आणि तिच्याकडेच बघत राहिले, आता तूच सांग म्हणून. तिनं दोरी मागे घेतली, पुन्हा पलीकडे नेली. जाताना काही अडचण नव्हती. जाताना सगळं ठाऊक होतं. दोरी वळली, आणि पुन्हा तेच. सकाळचे साडेअकरा वाजले होते, पंखा चालू होता, तरी घामाचा एक थेंब पाठीवरून सरळ कमरेपर्यंत गेला आणि तिला तो गार लागला.

गाठ मुळात चिनी. चायनीज कॉलर बारामतीला नवी नव्हती, पण सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर फोटो दाखवला. कॉलरच्या खाली, पुढच्या पट्टीवर, दोरीच्या नक्षीदार चौकोनी गाठी ओळीनं बसवलेल्या. अशी पाहिजे. आसावरीनं कुठल्याही शिवणारीनं म्हणावं तसं ‘होईल की’ म्हटलं आणि पुढचे चार दिवस व्हिडिओ बघण्यात घालवले. त्यातल्या एका व्हिडिओत नुसते दोन हात होते. चेहरा नाही, नाव नाही, बोलणं चिनी, उजव्या अंगठ्याचं नख जरासं तुटलेलं. त्या नखाला धरून धरून ती शिकली. व्हिडिओखाली इंग्रजी अक्षरांत गाठीचं नाव होतं, ते तिनं वाचलं पंचांग. पुढे कधीतरी मोहितनं, तिच्या मुलानं, हसून सांगितलं की आई, ते पान छांग असं काहीतरी आहे, पण तोवर उशीर झाला होता. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लग्नाघरच्या बायकांत पंचांगाची गाठ म्हणूनच ती गाजली होती, आणि पंचांग म्हटल्यावर ती शुभ असणार याबद्दल कुणाला शंकाच उरली नव्हती. एकीनं तर गंभीरपणे विचारलं होतं, यात अमावास्या कुठं येते हो? मोहितनं आणखी एक सांगितलं होतं, की या गाठीला सुरुवात आणि शेवट दिसत नाही, म्हणून तिकडे ती दीर्घायुष्यासाठी देतात. तेव्हा आसावरीला ते फार आवडलं होतं. आता तिला वाटलं, शेवट नाही म्हणजे बाहेर यायची वाट नाही असंही असेल.

समोर इंदापूरच्या श्रियाचं जाकीट-ब्लाउज हँगरला टांगलेलं होतं, मोरपंखी रंगाचं, परवा हळद, उद्या सकाळी तिचा भाऊ न्यायला येणार. पाच गाठी बसवायच्या होत्या. चार घालून घट्ट ओढून मांडून ठेवलेल्या, पाचवी ही. पलीकडे पिकोच्या मशीनवर पायल साडी सरकवत होती. पायल वडगाव निंबाळकरची, पस्तिशीची, दोन पोरांची आई, नऊ वर्षं झाली तिला इथे येऊन. मशीनवरचं सगळं काम तिचं, हातकाम आसावरीचं. ही एक गाठ मात्र आसावरीनं तिला कधी शिकवली नव्हती. शिकवली असती तर पायल वडगावात आपलं दुकान टाकून मोकळी झाली असती, एवढं व्यवहारज्ञान तिला होतं. गाठ घालताना ती थर्मोकोल अंगाकडे वळवून घ्यायची, शाळेतली हुशार मुलगी वही झाकते तशी. आताही तिनं ते वळवून घेतलं होतं, आणि झाकायला काहीच नव्हतं.

आई अशीच थांबली होती. माहेरी, अंथुर्ण्याच्या घरी, न्हाणीच्या दारात, तेरा वर्षांपूर्वी. आई केसरबाई तेव्हा साठीचीही नव्हती. नऊवारी नेसत होती, ओचा खोचून झालेला, कासोटा मागे नेऊन खोचायचा तेवढा राहिलेला, आणि ते टोक हातात धरून ती उभी. जन्मभर रोज पहाटे अंधारात न बघता नेसलेलं लुगडं. ‘आसावरे,’ ती म्हणाली, ‘ह्याचं फुडं काय करायचं गं?’ लग्नाला जायचं होतं, बाहेर जीप थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. आसावरी म्हणाली, ‘आई, नाटकं करू नकोस.’ आईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते आसावरीला तेव्हा कळलं नाही, आज साडेअकरा वाजता कळलं. आई आतून हाक मारत होती आणि लेक दारातून जीपकडे बघत होती. मग आई हसली. ‘थट्टा केली गं,’ म्हणाली. ती थट्टा दीड वर्ष चालली. दीड वर्ष आई सगळ्यांना सांगत राहिली की गुडघा दुखतो, वाकता येत नाही, आणि रोज सकाळी शेजारच्या भामाबाई येऊन कासोटा घालून द्यायच्या. हे कळलं ते आई गेल्यावर, बाराव्याला. भामाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘मीच न्येसवत हुते, बाई. रोज म्हणायची, कुणाला सांगू नगंस. मी न्हाय सांगितलं.’ त्या दीड वर्षात काही करता आलं असतं का, हे आसावरीनं कुणालाही विचारलं नव्हतं, कारण कुणी हो म्हटलं असतं तर ते घेऊन ती कुठे जाणार होती?

तिनं दोरीचं टोक खाली ठेवलं. घाबरायचं काही कारण नाही, तिनं स्वतःला दटावलं. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस विसरतं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतं. तयार गाठ समोर आहे, ती बघून घालता येईल. तिनं तयार चारांतली एक उचलली, डोळ्यांजवळ धरली. पण ही गाठ अशी, की ओढून घट्ट केली की सगळे पदर एकमेकांच्या पोटात शिरतात आणि आतली वाट दिसेनाशी होते. बाहेरून नुसती नक्षी. मग सैल करून बघू. चारांतली तिसरी तिला जरा वेगळी वाटली, बाकीच्यांपेक्षा घट्ट, कडेच्या फासांचे कान एकसारखे, फार सुबक. ही आपण केव्हा एवढी चांगली ओढली, तिच्या मनात आलं, आणि तिनं तिच्यातच सुईचं टोक घातलं.

“ती राहू द्या की ताई,” पायल मशीनवरून म्हणाली.

आसावरी दचकली. पायलची मान साडीवरच होती. “का गं?”

“चांगली बसलीया. दुसरी घ्या की, पहिली जरा वाकडीच हाय.”

पहिली खरोखरच वाकडी होती. तिनं पहिली घेतली, सुईनं एक पदर उचलला, मग दुसरा, मोठा श्वास घेऊन तिसरा. कुठून आला, कुठे गेला हे ती डोळ्यांत तेल घालून बघत होती, तोंडानं पुटपुटत होती, आणि एका जागी दोन पदर बरोबरच सुटले. हातात नुसती दोरी आली, लांब, मऊ, जागोजागी वळ्या पडलेली. आता चाराच्या तीन झाल्या. तिनं ती दोरी पटकन मुठीत लपवली, आणि लपवल्यावर तिला दिसलं की आपण लपवली.

त्या दीड वर्षानंतर पुण्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, आज वार कोणता? आई तेव्हा अजून बोलण्यात कुणाला हार जात नव्हती. ‘मला कशाला इचारता,’ म्हणाली, ‘तुमच्या मागं भितीवर क्यालेंडर हाय की.’ डॉक्टर हसले, आसावरी हसली, वडील मात्र हसले नाहीत. वडील शाळामास्तर, रेडिओवर शास्त्रीय गाणं ऐकणारे, लेकीचं नाव रागावरून ठेवणारे, ते कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते. शंभरातून सात वजा करा. आई म्हणाली, ‘कुणाला द्यायचे सात?’ मग तिला तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, रुमाल, आणि पाच मिनिटांनी परत विचारले. आई छताकडे बघत राहिली, खूप वेळ, आणि मग तिनं आसावरीचा हात धरला. बाहेर पडताना डॉक्टर आसावरीला म्हणाले, हे कधीकधी मुलांत उतरतं, पन्नाशीनंतर जरा लक्ष ठेवा, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. एवढं एकच वाक्य. अकरा वर्षं ते तिच्यात होतं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, तिनं मनातल्या मनात भराभर म्हटलं. आंबा, खुर्ची, रुमाल. सगळं येतंय. आज सोमवार. मोहितचा नंबर येतोय, भावाच्या ट्रॅक्टरचा नंबरसुद्धा येतोय. मग हे का येत नाही? आणि मग तिच्या लक्षात आलं. आंबा, खुर्ची, रुमाल हे आपल्याला येतंय ते त्या दिवशीचं येतंय. आजचे तीन शब्द कुणी आपल्याला सांगितलेलेच नाहीत.

तिनं मोबाइल घेतला. तो जुना व्हिडिओ सापडला नाही. दुसरे पन्नास होते, लखलखीत, सफाईदार नखांचे, आणि त्यांतले हात इतके भराभर चालत होते की ती थांबवून मागे घेईपर्यंत पुन्हा पुढे निघून जायचे. एका ठिकाणी तिला परत येणारी दोरी दिसली, पण ती डावीकडून येत होती आणि तिची उजवीकडून यायची, आणि उलटं करून बघताना तिच्या डोक्यात सगळंच उलटं झालं. तुटक्या नखाची ती बाई कुठे गेली असेल? तिला अजून येत असेल का? मोबाइल वाजला आणि तिच्या हातून पडता पडता राहिला. वसंत, तिचा नवरा, कॉलेजच्या ऑफिसातून. “डब्यात चटणी नाही टाकलीस,” तो म्हणाला. एरवी तिनं म्हटलं असतं, तुम्हाला हात नाहीत का टाकून घ्यायला. “राहिली,” ती म्हणाली. “बरं वाटतंय ना?” त्यानं विचारलं. तेवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एका शब्दात ऐकू येतं. “मला काय झालंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. थट्टा केली गं. तेच, त्याच आवाजात.

शेवटी शेवटी तिनं आईला नऊवारी शिवून दिली होती. हल्ली मिळते तशी, शिवलेली, कासोटा जागच्या जागी टाचलेला, कमरेला हूक, सलवारीसारखी पाय घालून चढवायची. अंथुर्ण्यात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, लेक असावी तर अशी. तिलाही स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आईला ती चढवली तेव्हा आई आपल्याच कमरेवर हात फिरवत राहिली, पुढे, मागे, पुन्हा पुढे, काहीतरी शोधत. ‘ह्याला गाठच न्हाय,’ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आसावरीनं समजूत घातली, की आई, गाठीची आता गरजच नाही. त्यानंतर महिन्याभरात आई गवताला म्हणून निघाली आणि पार वालचंदनगरच्या रस्त्याला सापडली. जायचं तिला ठाऊक होतं. परत यायचं ती विसरली होती. रस्त्याच्या कडेला बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, केसरबाईचं घर कुठं हाय? आता आपल्यालाही कुणीतरी हूक लावून देईल, आसावरीला वाटलं. चांगल्या मनानं देईल. गरजच नाही म्हणेल. आणि आपण हात फिरवत बसू.

पायलनं मशीन बंद केलं. तो आवाज बंद झाल्यावर दुकान एकदम मोठं झालं. “च्या घ्या ताई,” ती म्हणाली, आणि थर्मासमधला चहा ओतून तिनं कप थर्मोकोलच्या शेजारी ठेवला. ठेवून ती गेली नाही. आसावरीनं वर पाहिलं नाही. उद्या सकाळी श्रियाचा भाऊ येईल. गाठी नाहीत म्हणून साधी बटणं लावता येतील, गुडघा दुखतो म्हणता येईल, डोळ्यांचा नंबर वाढलाय म्हणता येईल, पंचांगाची गाठ आता फॅशनमध्ये नाही असंही गिऱ्हाइकांना हसत हसत सांगता येईल. किती सोपं आहे, तिला वाटलं. किती पटापट सुचतंय. एक गाठ सुचत नाही आणि खोटं सुचायला वेळ लागत नाही. आईलाही असंच सुचलं असेल, न्हाणीच्या दारात, जीपचा हॉर्न वाजत असताना. तिला भीती वाटत होती, सरळसरळ, लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी, आणि तिला कुणाचा तरी हात धरायचा होता.

“पायल,” ती म्हणाली. आणि पुढचं वाक्य तोंडातून आलं ते तिचं नव्हतंच. “ह्याचं फुडं काय करायचं गं?”

पायल हसली नाही. तिनं स्टूल ओढलं, समोर नाही, शेजारी, आसावरीच्या खांद्याला खांदा लागेल असं, आणि तिच्या चिमटीतलं दोरीचं टोक अलगद आपल्या हातात घेतलं. “दोन खालून,” ती पुटपुटली. “एक वरून. तीन खालून. एक वरून.” दोरी सरळ परत आली. टाचणीला वळसा, पुन्हा पलीकडे, पुन्हा परत. पायलच्या हाताला कुठेही अडलं नाही.

आसावरीची भीती क्षणभर पार नाहीशी झाली आणि तिथे संताप आला. “तुला कुणी शिकवलं हे?”

“तुमीच की.”

“मी? मी कधी शिकवलं?”

“गेल्या बुधवारी.” पायल दोरी ओढत राहिली. “गाठ आशीच अडली हुती. घटकाभर गप बसून ऱ्हायलात, मंग एकदम आलं तुमच्या हाताला. मला म्हणलात, समोर नगं बसू, समोर बसून उलटं शिकशील, शेजारी बस. पाच-सहा डाव करून घेतलंत माझ्याकडनं. ती तिसरी गाठ माझी हाय, ताई. म्हणून तर म्हणलं, राहू द्या.”

आसावरी बुधवार शोधू लागली. मंगळवारी दुपारभर वीज नव्हती, ते आठवत होतं. गुरुवारी पायलच्या धाकट्याला ताप होता आणि ती उशिरा आली, तेही आठवत होतं. मधे काय होतं? बुधवारी कुठली साडी नेसली होती, वसंतच्या डब्यात काय दिलं होतं, दुकानात कोण आलं होतं? मंगळवारनंतर गुरुवारच लागत होता, मधली जागाच नव्हती, शिवण इतकी सफाईची की जोड दिसू नये. ती पायलच्या तोंडाकडे बघत राहिली. ही खोटं बोलत असली तर किती बरं, तिला वाटलं, चोरून बघून शिकली असली तर किती बरं होईल. पण तिसरी गाठ समोर होती, सुबक, एकसारख्या कानांची.

“आणखी काय म्हणाले मी?”

पायलनं दोरीचा एक पदर सरळ केला. “रडलात,” ती म्हणाली. “म्हणलात, मी इसरले तर एका तरी माणसाला यायला पायजे. मला बी रडू आलं. मंग तोंड धुवून आलात आन म्हणलात, कुणाला सांगू नगंस. दाजींना तर मुळीच नगं. मी न्हाय सांगितलं, ताई.”

आसावरीनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं.

“आता बी त्येच म्हणणार हाय तुमी,” पायल म्हणाली, मान खाली घालून.

आसावरीनं तोंड मिटलं. चहावर साय धरली होती. भामाबाई तिच्या डोळ्यांसमोर आल्या, तोंडाला पदर लावलेल्या, मी न्हाय सांगितलं म्हणणाऱ्या. किती भली बाई. दीड वर्ष रोज सकाळी येऊन तिनं आईचा कासोटा घातला, आणि दीड वर्ष आईला त्या दारात एकटं उभं ठेवलं. आणि आपण पायलला भामाबाई करायला निघालो आहोत, ही दुसरी खेप. तिसरी, चौथी असेल तर तेही आपल्याला कळणार नाही, फक्त पायलला कळेल. तिनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि पायलच्या हातात दिला.

“ह्यांना लाव. आणि तूच बोल.”

“मी? काय बोलू?”

“सगळं. बुधवारपासून.”

पायलनं नंबर लावला. दोन वेळा वाजला असेल नसेल, तिकडून वसंतचा आवाज आला, आता काय विसरलीस म्हणून थट्टेतला.

“दाजी, मी पायल बोलती. ताई हितंच हायत. तुमी जरा दुकानात या.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हळू आवाजात, “काय झालं? घाईचं आहे का?”

पायलनं आसावरीकडे पाहिलं. आसावरीनं थर्मोकोलवरचं दोरीचं टोक दोन बोटांत घट्ट धरून ठेवलं होतं, बोटांची नखं पांढरी पडली होती.

“आहे म्हण,” ती म्हणाली. “आत्ताच या म्हण. उद्या मला हे ठाऊक नसेल.”